लाल चिमटा उजवीकडे

चिमटेबाई हे नाव मी ठेवलं, आणि कौतुकानं नाही, चिडून ठेवलं. आमच्या खात्यात येऊन तिला जेमतेम महिना झाला होता. जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, "काय गं, दोन पोरी, सासू, नवरा बाहेरगावी पुलाच्या कामावर, आणि सकाळी आठला तू इथे हजर. आवरतेस कशी?" तर बाईसाहेबांनी मोबाइल काढून फोटोच दाखवला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक आडवी दोरी, दोरीच्या मधोमध गाठ, आणि दोरीवर कपडे वाळत घालायचे सात चिमटे, सात रंगांचे. गाठीच्या डावीकडे म्हणजे काम राहिलंय, उजवीकडे म्हणजे झालंय. पिवळा धाकटीच्या डब्याचा, केशरी मोठीच्या डब्याचा, निळा पाण्याच्या बाटल्यांचा, हिरवा गणवेशांचा, पांढरा सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीचा, काळा गॅस बंद केल्याचा. आणि लाल धाकटीच्या औषधाचा.

"कसलं औषध?" मी विचारलं.

"फिट येतात तिला," ती म्हणाली, आणि मोबाइल उलटा ठेवून जेवायला लागली.

मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी पण दोन मुलं वाढवली, नोकरी करून वाढवली, पण माझ्या घरात कधी एक काम वेळेवर झालं असेल तर शपथ. आणि ही कालची पोरगी मला फोटो दाखवते! म्हणून मी तिला चिमटेबाई म्हणायला लागले. ती हसायची. पुढे सगळं खातंच तिला चिमटेबाई म्हणायला लागलं, आणि चार वर्षांत माझा राग कुठल्या कुठे गेला, ते माझं मलाच कळलं नाही.

आमचं खातं म्हणजे इस्पितळाचं तळघर. वर ऑपरेशन झालं की कात्र्या, पकडी, सुऱ्या सगळं रक्ताळलेलं खाली आमच्याकडे येतं. ते धुवायचं, मोजायचं, यादीप्रमाणे ट्रेमध्ये लावायचं, यादीवर टिका मारायच्या, कापडात बांधायचं, वर लेबल चिकटवून सही करायची आणि वाफेच्या मशीनमध्ये ढकलायचं. मशीन म्हणजे कपाटाएवढा प्रेशर कुकर समजा. बांधलेल्या ट्रेवर एक टेप असते, तिच्यावर फिकट रेघा असतात. वाफेतून गेली की त्या रेघा काळ्या पडतात. रेघा काळ्या नसल्या तर लेबलावर प्रत्यक्ष देवाची सही असली तरी ट्रे वर जात नाही. सव्वीस वर्षं मी हे करतेय.

आणि सव्वीस वर्षांत माणूस काय शिकतो? पळवाटा शिकतो. सकाळी पहिला अर्धा तास हात मोकळे असतात. तेव्हाच मी दिवसभराच्या याद्यांवर टिका मारून ठेवते, लेबलं लिहून, सह्या करून गठ्ठा करून ठेवते. मग काम आलं की नुसतं लावायचं आणि चिकटवायचं. नियमात बसत नाही हे मला माहीत आहे, मला शिकवू नका. पण ट्रे लावताना माझा हात चुकत नाही, आणि चुकलाच तर शेवटी टेप आहे. चिमटेबाईला ही युक्ती मीच शिकवली. "आधी खूण, मग काम," मी तिला सांगितलं होतं, "म्हणजे डोक्यावर ओझं राहत नाही." ती पटकन शिकली. ती सगळंच पटकन शिकते.

तर त्या बुधवारची गोष्ट. सकाळी पावणेदहा वाजले असतील. सिस्टर, म्हणजे आमच्या इन्चार्ज, आतून ओरडल्या की अपघाताची केस आलीय, पोटाच्या ऑपरेशनचा मोठा ट्रे अकराच्या आत वर पाहिजे. मांडणीवर तयार ट्रे होता. चिमटेबाईनं तो उचलला, लेबल बघितलं, यादी बघितली, आणि थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "ह्याची टेप पांढरी आहे."

मी बघितलं. यादीवर सगळ्या टिका, लेबलावर तारीख, माझी झोकदार सही, आणि टेपेवरच्या रेघा फिकटच्या फिकट. काल संध्याकाळी मी बांधला, लेबल लावलं आणि घाईत मशीनऐवजी मांडणीवर ठेवला. सही बघून सगळ्यांनी तो झालेलाच धरला. "बाई गं! बरं झालं बघितलंस. आण इकडे, लगेच टाकते मशीनला. चाळीस मिनिटांत होईल."

पण ती ट्रे सोडेना. दोन्ही हातांनी धरून उभी, नजर टेपेवर आणि तोंडाचा रंग उडालेला. मला वाटलं माझ्या चुकीनं घाबरली.

"अगं, झालं नाही ना काही? दे तो."

"मावशी, मी आज औषध दिलं का?"

"मला काय विचारतेस? मी होते का तिथे?"

"लाल चिमटा सरकवला, ते आठवतंय. सगळे सातच्या सात एका झटक्यात सरकवले, उठल्या उठल्या. रोज तेच करते. आधी सरकवते, मग एकेक काम करत जाते." ती माझ्याकडे बघत होती, पण मी तिला दिसत नव्हते. "डबे भरताना आठवतंय. कसल्या तरी फोननं मध्ये थांबले. ह्यांचा होता. मग व्हॅनचा हॉर्न वाजला. औषध भरून तिच्या तोंडात दिलं, ते आठवत नाही. कालचं आठवतंय. आजचं आठवत नाही."

आधी खूण, मग काम. माझंच वाक्य. ते ऐकून मला कसं झालं ते सांगता येत नाही. इथे माझी चूक पकडायला टेप होती, तिच्या स्वयंपाकघरात काय होतं?

"बरं, एक वेळ चुकली तर चुकली," मी म्हटलं. "घरी गेल्यावर दे."

"आज तिचा पोहण्याचा पहिला तास आहे," ती म्हणाली. "अकरा वाजता."

मग मात्र मला आठवलं. गेल्या वर्षी एक वेळ औषध चुकलं होतं आणि चार तासांत पोरीला फिट आली होती, बाथरूममध्ये, कोरड्या फरशीवर. तेव्हा कपाळाला तीन टाके पडले होते. फरशीवर टाके पडतात. पाण्यात काय होतं ते सांगायला डॉक्टर कशाला हवा?

मोबाइल आत आणायची आम्हाला बंदी आहे, ते लॉकरमध्ये असतात. ट्रे माझ्या हातात कोंबून भिंतीवरच्या फोनवरून तिनं घरी लावला. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून ती ओरडून बोलत होती आणि पलीकडून त्या त्याहून जोरात ओरडत होत्या, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या.

"आई, धाकटीला सकाळी औषध दिलं का हो मी?"

"दिलंस की! लाल चिमटा उजवीकडे आहे!"

"चिमटा राहू द्या. तुम्ही बघितलंत का मला देताना?"

"मी कशाला बघू? चिमटा बघितला की झालं, असं तूच सांगितलंयस ना? वर्ष झालं, मला विचारू नका, चिमटा बघा, चिमटा बघा! आता मलाच विचारतेस?"

"औषध भरायची नळी ओट्यावर आहे का? ओली आहे?"

"सगळी भांडी घासून पुसून ठेवली मी. ओलं काय सापडणार आता?"

"बाटली बघा. किती आहे?"

पावलं सरपटत गेली, परत आली. "अर्धी आहे."

"काल किती होती?"

"आता काल कोण मोजायला बसलं होतं? आणि ह्या बाटलीवर पेनानं कसल्या रेघोट्या मारून ठेवल्यात गं? सगळा कागद घाण केलाय."

"पोरींनी केलं असेल, जाऊ द्या ते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग भिंतीला टेकून उभी राहिली. "मोठी व्हॅनमध्ये चढताना काहीतरी म्हणाली होती. 'मम्मी, औषध...' असं काहीतरी. मी म्हटलं, चिमटा बघ, झालंय, चल पळ. ओरडलेच तिच्यावर."

मोठी म्हणजे नऊ वर्षांची. त्याच शाळेत चौथीला. धाकटी दुसरीला.

"शाळेत फोन लाव," मी म्हटलं. "पाण्यात उतरवू नका म्हणून सांग, विषय संपला. त्यात काय एवढं?"

तिनं नंबर फिरवला. कोणीतरी उचलला, "शाळेचं ऑफिस, बोला," असं बाईचं बोलणं मी ऐकलं. आणि ह्या बयेनं फोन खाली ठेवला! एक शब्द न बोलता!

"डोकं फिरलंय का तुझं?"

"शाळेला माहीत नाही," ती म्हणाली.

"काय माहीत नाही?"

"तिच्या फिटचं. फॉर्मवर आजाराच्या रकान्यात मी 'काही नाही' लिहिलंय."

मग तिनं सांगितलं ते इतक्या घाईत की अर्धे शब्द गिळले. आधीच्या बालवाडीत पोरीला एकदा फिट आली, दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या बाईंनी दप्तर हातात दिलं. म्हणाल्या, आमच्याकडे सांभाळायला माणूस नाही, इतर पालक घाबरतात. मग दुसरी बालवाडी, तिथे आधीच खरं सांगितलं, तर त्यांनी दारातूनच नाही म्हटलं. त्या आठ महिन्यांत तिची पहिली नोकरी गेली. आमच्याकडे लागली तेव्हा तिनं ठरवलं, शाळेला कळू द्यायचंच नाही. एक वेळही औषध चुकू द्यायचं नाही, म्हणजे फिट येणार नाही, म्हणजे कुणाला कळणार नाही. ते सात चिमटे त्याच्यासाठी होते. बाकीचे सहा नुसते लालच्या सोबतीला.

"आणि पोहायच्या परवानगीवर सही केलीस?"

"नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं ना. डॉक्टर म्हणाले होते, औषध वेळेवर असेल आणि कोणी हाताशी असेल तर पोहू दे."

"हाताशी असणाऱ्याला माहीत नको? अगं, वेडी का खुळी तू!" मी इतक्या जोरात ओरडले की सिस्टर बाहेर आल्या. "फोन लाव परत. आत्ता. मी सांगते नाहीतर."

तिनं लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. पुन्हा लावला, तर एंगेज. पुन्हा एंगेज. घड्याळात दहा वाजून अठरा मिनिटं. तिचे ओठ हलत होते, ती काय म्हणत होती देव जाणे.

मी सिस्टरना म्हटलं, "आम्ही दोघी चाललो. हिच्या पोरीच्या जिवाचं आहे."

"दोघी? अकराला ट्रे वर पाहिजे. मशीनला कोण लावणार, मी?"

"हो, तुम्ही."

आमच्या सिस्टर म्हणजे एक मिनिट उशीर झाला तर उशिराच्या वहीत कारण लिहून घेणाऱ्या. दारातच ती वही टांगलेली आहे, दोरीनं बांधलेलं पेन आहे. माझी त्यात पानंच्या पानं आहेत. चिमटेबाईचं चार वर्षांत एक अक्षर नाही. सिस्टरनी तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं, माझ्या हातातून तो पांढऱ्या टेपेचा ट्रे घेतला आणि म्हणाल्या, "स्कूटर सावकाश चालवा." चुकीचं मला एका शब्दानं विचारलं नाही. ते त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं, ते वेगळं.

स्कूटर मी काही सावकाश चालवली नाही. चिमटेबाई मागे बसली होती, तिनं माझा खांदा असा धरला होता की चार दिवस वळ होता. बाजाराच्या चौकात रस्ता खणून ठेवलेला, एक सिमेंटची गाडी आडवी. मी फुटपाथवर चढवली. एक म्हातारे गृहस्थ मला भवानी म्हणाले. "तुमची सून असती इथे तर कळलं असतं!" मी ओरडले, त्याला अर्थ काही नव्हता. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "मावशी, दिलं असेल ना मी? रोज देते. आजच कसं चुकेल?"

"दिलं असशील," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"दिलं असेल आणि शाळेला सगळं सांगून बसले तर?"

सिग्नल सुटला.

शाळेच्या गेटशी अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. वॉचमन वहीत नाव लिहा म्हणाला. चिमटेबाई त्याच्या हाताखालून आत घुसली, वहीकडे न बघता. मागे मी, धापा टाकत. तलाव शाळेच्या मागच्या बाजूला. क्लोरीनचा वास आला आणि पोरांचा कालवा ऐकू आला. पाण्यात कडेकडेनं दांडा धरून सगळी दुसरीची पोरं, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या निळ्या टोप्या. कोणती आपली, कळेचना. चिमटेबाई काठावरून धावत होती आणि पोरीच्या नावानं हाका मारत होती, पाय घसरला, गुडघ्यावर पडली, उठली, पुन्हा हाका. "बाहेर काढा! तिला बाहेर काढा! तिला फिट येतात! माझ्या मुलीला फिट येतात!"

चार वर्षं जे पोटात दाबून ठेवलं होतं ते असं सगळ्या तलावाला ओरडून सांगितलं.

पोरं गप्प झाली. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी शिट्टी तोंडातून काढली आणि पलीकडच्या भिंतीकडे हात केला. भिंतीला लागून बाक होता. बाकावर धाकटी बसली होती, गणवेशात, कोरडी ठणठणीत, गालावर रुसवा. आणि तिच्या शेजारी मोठी, तिचा हात आपल्या हातात धरून. चौथीचा वर्ग चालू असताना ही इथे.

चिमटेबाई तिथपर्यंत कशी गेली मला माहीत नाही. गेली आणि दोघींच्या पुढ्यात ओल्या फरशीवर बसलीच. धाकटीचं तोंड चाचपून बघत होती, डोळे, कपाळ, मान.

"मम्मी, ताईनं मला पाण्यात जाऊच दिलं नाही," धाकटीनं तक्रार केली.

पोहण्याच्या बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "मोठीनं सकाळी गेटवरच मला गाठलं. आज बहिणीनं औषध घेतलेलं नाही, तिला पाण्यात उतरवू नका, आणि ऑफिसमध्ये कोणाला सांगू नका, म्हणाली. मी तुम्हाला तीनदा फोन केला."

पर्समधला मोबाइल चिमटेबाईनं तेव्हा बाहेर काढला. आवाज बंद. तीन कॉल येऊन गेलेले. लॉकरमधून पर्स उचलली, पण उघडून बघायचं आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

"तुला कसं कळलं गं, घेतलं नाही ते?" मी मोठीला विचारलं.

ती काही बोलायच्या आत मागून एक ओळखीचा ओरडा आला. "हे बघा, अर्धी आहे! अर्धी म्हटलं तर अर्धीच आहे!" सासूबाई! दुखऱ्या गुडघ्यांनी, घरातल्या सपाता घालून, टॅक्सी करून आल्या होत्या, हातात औषधाची बाटली आणि ती नळी. फोन ठेवल्यावर त्यांना राहवलं नाही. वॉचमन त्यांच्यामागे वही घेऊन येत होता बिचारा.

मोठीनं आजीच्या हातून बाटली घेतली आणि उजेडाकडे धरली. बाटलीवरच्या कागदावर एकाखाली एक बारीक रेघा होत्या, पेनाच्या, प्रत्येकीपुढे वार. सोम, मंगळ. दिवसातून दोन. औषध मंगळवारच्या खालच्या रेघेला टेकलं होतं. बुधवारची रेघ अजून औषधात बुडालेली होती.

"हे मी रोज करते," ती म्हणाली. "तू आधी चिमटे सरकवतेस ना मम्मी, मग मला कळत नाही दिलं का नाही. म्हणून मी बाटली बघते."

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?" चिमटेबाई म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिला व्हॅनपाशी ओरडलेलं आठवलं असणार.

डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, आत्ता लगेच द्या, थोडं खायला घाला, आज लक्ष ठेवा. तिनं नळीत औषध भरलं. तीन वेळा रेघ बघितली, मलाही बघायला लावली, मग पोरीच्या तोंडात दिलं, तिनं गिळलेलं बघितलं. पोहण्याच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "ऑफिसमध्ये मी बोलले नाही. पण आता तुम्ही बोला. मी येते तुमच्याबरोबर." चिमटेबाईनं मान हलवली. पुढे बोलली ती, मुख्याध्यापिकांनी तासभर धारेवर धरलं, खोट्या फॉर्मबद्दल लेखी माफी घेतली, डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, आणि पोरीला ठेवून घेतलं. ठेवलं नसतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी करत नाही. पण ते सगळं नंतर.

त्याआधी तिथे बाकावरच धाकटीनं डबा उघडला, औषधावर खायचं म्हणून. उघडला आणि सवयीनं, कोणी न सांगता, आतलं बरोबर मधोमध अर्धं केलं. अर्धं झाकणात काढून मोठीपुढे सरकवलं.

"अगं, तू खा ना सगळं," सासूबाई म्हणाल्या. "ताईला तिचा डबा आहे."

मोठीनं आपलं दप्तर मांडीवर ओढून घेतलं. मला अशा वेळी धीर धरवत नाही. मी दप्तराची चेन ओढली, डबा काढला, तो हाताला हलका लागला. उघडला. आत स्वच्छ धुतलेलं, कोरडं, चकचकीत स्टील.

"आज पण रिकामाच आहे ना," धाकटी तोंडात घास घेऊन समजावून सांगायला लागली, आम्ही सगळ्या मठ्ठ असल्यासारखी. "ताईचा डबा रिकामा असतो ना, त्या दिवशी आम्ही माझ्यातलं अर्धं अर्धं खातो. सोमवारी पण रिकामा होता."

तलावात शिट्टी वाजली, पोरं पाय आपटायला लागली, पाणी आमच्यापर्यंत उडत होतं.

"किती दिवस?" चिमटेबाईनं विचारलं.

"रोज नाही," मोठी घाईघाईनं म्हणाली. "कधी कधीच. तू गडबडीत असतेस तेव्हाच."

"मला सांगायचं ना गं राणी."

मोठीनं आईकडे बघितलं. रागानं नाही, राग असता तर बरं झालं असतं. "केशरी चिमटा उजवीकडे होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तू भांडशील की झालंय म्हणून."

चिमटेबाई रडली नाही. मीच रडले, त्या वॉचमनसमोर, आणि सासूबाई माझ्यावर खेकसल्या की तुम्हाला काय झालं आता. चिमटेबाईनं झाकणातला एक घास उचलला, मोठीच्या तोंडात दिला, ती गिळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली, मग दुसरा दिला. नऊ वर्षांच्या पोरीला, सगळ्यांदेखत. पोरगी लाजत होती आणि तोंड उघडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठला हजर. सही नाही, टिक नाही, कोऱ्या याद्यांचा गठ्ठा समोर, आणि सिस्टर मला कालच्या ट्रेवरून उभं-आडवं झापत होत्या. मी ऐकून घेत होते. आठ वाजून गेले, पाच मिनिटं झाली, दहा झाली. सिस्टर बोलता बोलता थांबल्या, दाराकडे बघायला लागल्या.

आठ चौदाला चिमटेबाई आली. घाम नाही, धाप नाही. दारातली वही काढली, दोरीचं पेन घेतलं, चार वर्षांत पहिल्यांदा आपली वेळ लिहिली आणि कारणाच्या रकान्यात काहीतरी खरडून कामाला लागली. ती पाठमोरी झाल्यावर सिस्टर आणि मी, दोघी एकदमच वहीवर वाकलो.

'मुली जेवत होत्या. बघत बसले होते.'